भागीचे घोडे आणि तीन दलांचे छप्पर

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. तिघांनी मिळून एक घोडे घेतले. बसायची पाळी आली की प्रत्येकजण आपला हक्क सांगे. पण खोगीर घासून घोड्याच्या पाठीला जखम झाली, तेव्हा ती धुवायची कोणी हे काही ठरेना. पहिला म्हणाला, काल तर दुसरा बसला होता. दुसरा म्हणाला, खोगीर तिसऱ्याचे. जखम चिघळली आणि घोडे मेले. गंमत अशी की, याच भाषेत ‘गाव करी ते राव न करी’ ही दुसरी म्हणही सुखाने नांदते. एकट्या रावाला जे झेपत नाही ते चारजण एकत्र आले म्हणजे सहज पार पडते, असे ती सांगते. दोन्ही म्हणी अनुभवातून आलेल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. कोणती म्हण कोठे लागू पडते, एवढाच काय तो प्रश्न.

मराठी शिकविणाऱ्या माणसाने म्हणींचा खल वर्गात करावा, त्यासाठी लष्कराच्या छावणीत कशाला जावे, असे कोणी विचारील. पण हा वाद आज खरोखरीच छावण्यांत चालू आहे, आणि त्यात कोट्यवधी रुपयांचा व लाखो कुटुंबांच्या डोक्यावरील छपराचा प्रश्न गुंतलेला आहे. भूदल, नौदल आणि विमानदल ही तीन दले. प्रत्येकाची वसाहत वेगळी, पाण्याची टाकी वेगळी, सुतार, गवंडी, वायरमन वेगळे. तिन्ही वसाहती शेजारी शेजारी असल्या तरी मध्ये कुंपण, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन निरनिराळे माळी एकच गवत कापीत असतात. मग कोणा हिशेबी गृहस्थाच्या मनात येते की, हे सारे एकाच्या हाती दिले तर केवढा खर्च वाचेल! विचार इतका सरळ आहे की, त्यात चूक काढायला जागाच दिसत नाही. म्हणूनच तो जरा निरखून पाहिला पाहिजे.

छावणी म्हणजे गाव

सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा, लढाऊ जहाजे आणि विमाने येतात. पण सैनिकाच्या आयुष्याचे बहुतेक दिवस बरॅकमध्ये, क्वार्टर्समध्ये, कवायतीच्या मैदानावर आणि कारखान्यात जातात. एखादी मोठी छावणी म्हणजे एक गावच असते. तिला पाणी लागते, वीज लागते, सांडपाण्याची वाट लागते. रस्ते, शाळा, इस्पितळ, कोठारे, शीतगृहे, स्मशानभूमी, सगळे काही तिथे असते. या गावाला नगरपालिका नसते. गळणारे छप्पर, तुंबलेले गटार आणि जळालेला ट्रान्स्फॉर्मर हे सैन्यालाच पाहावे लागते.

आणि ही कामे अशी की, ती झाली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत. नवी इमारत उठली की कोनशिला बसते, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. जुन्या इमारतीच्या गच्चीला डांबराचा थर दिला म्हणून आजवर कोणी फीत कापल्याचे ऐकिवात नाही. साहजिकच पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री डागडुजीवर चालते. यंदाचा रंग पुढच्या वर्षी देऊ, यंदाचा पाइप पुढच्या वर्षी बदलू. कागदावर बचत दिसते. प्रत्यक्षात ते घेतलेले कर्ज असते, आणि त्याचे व्याज पावसाळा वसूल करतो.

अमेरिकेचे बारभाई

खर्च वाचविण्यासाठी तीन दलांची घरदुरुस्ती एकत्र करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अलीकडच्या काळात अमेरिकेने केला. तिथे जादा झालेले लष्करी तळ बंद करण्यासाठी वेळोवेळी आयोग नेमण्याची पद्धत आहे. १९८८, १९९१, १९९३ आणि १९९५ अशा चार फेऱ्या झाल्यावर २००५ साली पाचवी फेरी झाली. त्या फेरीत असे ठरले की, जवळजवळ असणारे निरनिराळ्या दलांचे २६ तळ एकत्र जोडून त्यांचे १२ ‘संयुक्त तळ’ करावेत. प्रत्येक ठिकाणी एका दलाने यजमान व्हायचे. इतरांनी आपल्या इमारती, जमीन व डागडुजीचा पैसा त्याच्या स्वाधीन करायचा आणि आपण आपल्या लढाईच्या कामाला लागायचे. २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत हे बाराही तळ उभे राहिले.

बारा हा आकडा पाहून मराठी वाचकाला बारभाईंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७४ साली सखारामबापू, नाना फडणीस आदी मुत्सद्द्यांनी मिळून कारभार हाती घेतला. खरे पाहता त्यांनी आपले काम चोख केले. पण पुढे भाषेत ‘बारभाईचा कारभार’ याचा अर्थ सावळागोंधळ असाच रूढ झाला. अनेकांचा मिळून कारभार चांगला चालू शकतो यावर लोकांचा विश्वास बसायला किती वेळ लागतो, याचे हे उदाहरण म्हटले पाहिजे.

अमेरिकेच्या या बारा तळांपैकी सर्वांत बोलके उदाहरण न्यू जर्सी राज्यातले आहे. तिथे विमानदलाचा मॅकग्वायर, भूदलाचा डिक्स आणि नौदलाचा लेकहर्स्ट हे तीन तळ एकमेकांना लागून आहेत. १९३७ साली हिंडेनबर्ग हे प्रचंड वायुयान उतरताना पेटले ते याच लेकहर्स्टला. तिन्ही दले ज्यात आहेत असा हा एक तळ, आणि त्याचे यजमानपण विमानदलाकडे आले. वॉशिंग्टन राज्यातील लुइस आणि मॅकॉर्ड यांचे यजमानपण भूदलाकडे, तर हवाई बेटांवरील पर्ल हार्बर व हिकम यांचे नौदलाकडे गेले. भिंतीला भिंत लागून असलेल्या या ठिकाणी एकत्रीकरणाला अर्थ होता. पण टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात एकत्र केलेले तीन तळ शहराच्या निरनिराळ्या बाजूंना आहेत. ग्वाम बेटावर नौदलाचा तळ एका टोकाला आणि विमानदलाचा दुसऱ्या टोकाला. नकाशावर एक वर्तुळ काढले म्हणून प्लंबरच्या गाडीचा रस्ता काही आखूड होत नाही.

आता हिशेब पाहा. आरंभी असा अंदाज होता की, या जोडणीमुळे २० वर्षांत २३० कोटी डॉलर वाचतील. अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीने २०१२ साली या प्रकरणाचा अहवाल दिला. तोवर तो अंदाज २४ कोटी ९० लाख डॉलरवर घसरला होता. म्हणजे रुपयातले जवळजवळ चौदा आणे आधीच उडाले! त्याहून मोठी गोष्ट त्या अहवालात अशी होती की, केवळ तळ एकत्र केल्यामुळे नेमके काय वाचले व काय वाढले हे दाखविणारी पुरी पद्धतच संरक्षण खात्याने बसविलेली नव्हती. बचतीसाठी एवढा खटाटोप केला आणि बचत मोजायची वही मात्र नीट आखली नाही, असा हा प्रकार.

माप कोणाचे?

असे का झाले? लाचलुचपत झाली, कोणी आळस केला, असे काही नाही. कारण अगदी घरगुती आहे. तीन भावांनी वेगळ्या चुली मोडून एक स्वयंपाकघर केले तर पहिला प्रश्न निघतो तो जेवणाच्या ताटाचा. थोरल्याकडे रोज वरण-भात, भाजी, पोळी. मधल्याकडे भाकरी आणि पिठले. धाकट्याकडे मुलांना दूध. आता एकत्र पंगतीत काय वाढायचे? थोरला आपल्या पानातले कमी करायला तयार नसतो, आणि त्याच्या शेजारी बसून भाकरी-पिठले खायला मधला तयार नसतो. शेवटी सर्वांना पोळी, भाजी, वरण-भात आणि दूध असे ठरते. चूल एक झाली, सरपण वाचले. पण शिध्याचा खर्च वाढला.

अमेरिकेत नेमके हेच घडले. तिन्ही दलांसाठी एकच माप हवे म्हणून दोनशेंहून अधिक बाबींची समान प्रमाणे ठरविण्यात आली. आवाराची निगा किती राखायची, कचरा किती वेळा उचलायचा, दुरुस्तीला माणूस किती वेळात पोचला पाहिजे, अशा जातीच्या या बाबी. प्रमाणे चांगली होती, पण अनेक तळांवर पूर्वी मिळत होते त्यापेक्षा वरच्या दर्जाची होती. तळ जोडले जात असतानाच, २००९ मध्ये, त्याच हिशेबतपासणी कचेरीने इशारा दिला होता की, या कारणाने खर्च कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव आहे.

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. खर्च वाढला म्हणजे प्रयोग फसला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पूर्वीचा खर्च कमी होता तो कशामुळे? काही अंशी असा की, कामे होतच नव्हती. सैनिकाच्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती आणि ती न लावण्याला पैसे पडत नव्हते. समान प्रमाण आल्यावर ती खिडकी हिशेबात आली. तेव्हा एकत्रीकरणाने निष्कारण नवा खर्च निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा, जुन्या दुर्लक्षाचे बिल बाहेर काढले असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. दोष बिल निघण्यात नव्हता. आधी बचतीचा आकडा जाहीर करायचा आणि मग काय द्यायचे ते ठरवायचे, या उलट्या क्रमात तो होता.

गवत गवतासारखे नसते

एकच माप सगळीकडे लावण्यात आणखी एक अडचण आहे. बाहेरून पाहणाऱ्याला जे काम एकच वाटते, ते तिन्ही दलांच्या दृष्टीने एक नसते. धावपट्टीवर पडलेला लहानसा खडा झाडूवाल्याच्या दृष्टीने कचरा आहे. जेट विमानाच्या दृष्टीने तो शत्रू आहे. इंजिनाने तो ओढून घेतला तर आतली पाती मोडतात. म्हणून विमानतळावर झाडणे हे सफाईचे काम नसून विमान सुरक्षित ठेवण्याचे काम आहे. तिथले गवतही दिसायला बरे म्हणून कापीत नाहीत. गवताच्या उंचीवर किडे व उंदीर आणि त्यांच्यामागून येणारे पक्षी अवलंबून असतात. आणि एक घार विमानाला पुरेशी असते. हेच गवत भूदलाच्या चांदमारीच्या मैदानावर गुडघ्याएवढे वाढले तरी फारसे बिघडत नाही.

नौदलाचा वैरी म्हणजे खारी हवा. मुंबईच्या गोदीतील लोखंडाला जो गंज चढतो तो देवळालीच्या तोफखान्याच्या लोखंडाला चढत नाही. गोदीचा दरवाजा नीट बसला नाही तर दुरुस्तीला आलेले जहाज अडकून राहते. ही कामे कोणीही सरसकट गवंड्याने करण्यासारखी नाहीत. म्हणून जाणत्यांनी कामांचे दोन ढीग करावेत. क्वार्टर्सचा नळ, रस्त्यावरचा दिवा, शाळेची भिंत, कचऱ्याची गाडी हा एक ढीग. यात भूदलाचा नळ आणि नौदलाचा नळ सारखाच गळतो. धावपट्टी, गोदी, दारूगोळ्याची कोठारे हा दुसरा ढीग. पहिला ढीग आनंदाने एकत्र करावा. दुसरा करताना शंभरदा विचार करावा.

आपल्याकडची जुनी एक चूल

हे सगळे वाचताना असे वाटेल की, आपल्याकडेही आता असा प्रयोग व्हायला हवा. मौज ही की, तो आपल्याकडे फार पूर्वीच झालेला आहे. मिलिटरी एंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे छावणीतल्या बोलीत ‘एम.ई.एस.’, ही संस्था २६ सप्टेंबर १९२३ रोजी अस्तित्वात आली, आणि आज तिन्ही दलांच्या इमारती, पाणी, वीज, रस्ते, धावपट्ट्या व धक्के ती सांभाळते. दिल्लीत बसणारे एंजिनिअर-इन-चीफ हे तिचे प्रमुख. त्यांच्या खाली चीफ एंजिनिअर, मग कमांडर वर्क्स एंजिनिअर आणि मग छावणीतला प्रत्येक माणूस ज्याला ‘जी.ई.’ म्हणून ओळखतो तो गॅरिसन एंजिनिअर. पुण्यातल्या किंवा देवळालीतल्या कोणत्याही लष्करी कुटुंबाला विचारा. सेनापतींचे नाव एखाद्याला आठवणार नाही, पण एम.ई.एस.ची तक्रारवही कोठे असते हे बरोबर ठाऊक असते.

म्हणजे अमेरिकेने २१ व्या शतकात जे योजिले ते आपल्याकडे शंभर वर्षे मुरलेले आहे. समान मापही आहे. कोणत्या हुद्द्याच्या माणसाला किती चौरस मीटर जागा, किती खोल्या, कोणत्या सोयी, हे सांगणारी ‘स्केल्स ऑफ ॲकॉमोडेशन’ नावाची नियमावली तिन्ही दलांना लागू आहे. त्यामुळे ताटात काय वाढायचे याचा वाद आपल्याकडे पुष्कळ मिटलेला आहे. तरीही नौदलासाठी मुंबईसारख्या ठिकाणी निराळा चीफ एंजिनिअर आहेच, आणि विमानदलासाठीही तसे निराळे चीफ एंजिनिअर आहेत. दुसऱ्या ढिगाचे वेगळेपण एकत्र घरातही लपत नाही, ते असे.

मग सारे आलबेल आहे काय? तसेही नाही. समजा, एखाद्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या छताला ओल आली आहे. जवान सीमेवर आहे, घरी बायको आणि दोन मुले. ती तक्रार नोंदविते. वॉशर बदलण्यासारखे किरकोळ काम असेल तर माणूस येतो आणि काम होते. पण गच्चीचे काम मोठे निघाले तर त्याचा अंदाज करावा लागतो. मंजुरी द्यायची ती छावणीच्या लष्करी अधिकाऱ्याने, काम करायचे ते एंजिनिअरने. मंजुरीला पैसा हवा, पैसा आला की निविदा, निविदेनंतर ठेका. आणि तोवर मृग नक्षत्र लागते. इथे कोणी लबाडी केलेली नाही. ज्याच्या घरात गळते त्याच्या हाती पैसा नाही, ज्याच्या हाती मंजुरी आहे त्याच्या हाती थापी नाही, आणि ज्याच्या हाती थापी आहे त्याच्या घरात गळत नाही. घोड्याच्या पाठीवरची जखम कोणी धुवायची, हा म्हणीतला प्रश्न पुन्हा उभा राहतो.

अमेरिकेच्या प्रयोगात मापावर घोडे अडले, आपल्या प्रयोगात जबाबदारीच्या साखळीवर. दोन्ही देशांचे अनुभव समोर ठेवले की, एकत्रीकरणाचा खरा कस कळतो. किती कचेऱ्या बंद झाल्या यावर तो लागत नाही. तक्रार नोंदविल्यापासून छप्पर कोरडे होईपर्यंत किती दिवस गेले आणि त्या दिवसांबद्दल एका माणसाला विचारता येते की नाही, यावर तो लागतो.

शेकटकर समिती आणि रिकाम्या खुर्च्या

२०१६ साली गोव्याचे सुपुत्र मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. सैन्याची लढण्याची ताकद वाढवावी आणि खर्चाची घडी नीट बसवावी, असे तिला काम दिले होते. तिच्या शिफारशींत एम.ई.एस.ही आली. या संस्थेचे काही काम खात्यातील माणसांनी करावे आणि काही बाहेरच्या ठेकेदारांकडून करून घ्यावे, अशी नोकरवर्गाची फेररचना समितीने सुचविली. त्याला अनुसरून २०२० च्या मे महिन्यात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी एम.ई.एस.मधील मूलभूत व औद्योगिक वर्गातील ९,३०४ जागा रद्द करण्यास मान्यता दिली. त्या वर्गात १३,१५७ जागा रिकाम्या होत्या, त्यांतल्या या जागा.

रिकाम्या खुर्च्या काढल्या, त्यात कोणाचे काय गेले, असे म्हणता येईल. आणि हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. कोणाला घरी बसविले नाही. परंतु त्या खुर्च्या फिटर, सुतार, गवंडी, वायरमन, मजूर यांच्या होत्या. छावणीच्या आसपासच्या खेड्यांतील मुलगा बापाच्या जागी लागायचा, आणि बापाकडून त्याला एक गोष्ट मिळायची जी कोणत्याही निविदेत लिहिता येत नाही. जुन्या छावणीतल्या जमिनीखालच्या पाइपांचा सगळा नकाशा कागदावर नसतो. तो म्हाताऱ्या मुकादमाच्या डोक्यात असतो. कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कोणत्या चिंचेखालून गटार गेले आहे, हे त्याला ठाऊक असते. ठेकेदार स्वस्तात काम करील, कदाचित लवकरही करील. पण ठेका संपला की त्याचे शहाणपण त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. आणि जिथे हिवाळ्यात पाइपातले पाणी गोठते अशा सरहद्दीवरच्या ठाण्यांत, गोळीबार सुरू झाल्यावर कोण थांबणार हाही विचार करावा लागतो. बाहेरून काम करून घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. मुकादमाच्या डोक्यातला नकाशा आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि मग खुर्ची काढावी, एवढेच म्हणणे आहे.

मुंबईपासून अंदमानपर्यंत

तीन दलांनी अधिक जवळ यावे, हा विचार आता सरकारी धोरण झाला आहे. २००१ साली अंदमान-निकोबार येथे तिन्ही दलांची मिळून पहिली कमान स्थापन झाली. २४ डिसेंबर २०१९ रोजी मंत्रिमंडळाने संरक्षण दल प्रमुखाचे पद निर्माण करण्यास मंजुरी दिली. त्या पदाला नेमून दिलेल्या कामांत पुरवठा, वाहतूक, प्रशिक्षण यांबरोबर ‘दुरुस्ती व देखभाल’ हे शब्द स्पष्टपणे घातलेले आहेत, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदतही दिली होती. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत या पदावर आले. १ एप्रिल २०२१ रोजी त्यांनी मुंबईत तिन्ही दलांचे संयुक्त पुरवठा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला हेलिकॉप्टरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. पुढे ३० सप्टेंबर २०२२ रोजी जनरल अनिल चौहान यांनी तो भार उचलला.

जबाबदारीच्या साखळीचा जो प्रश्न वर आला, त्यातली एक कडी कायद्याने अलीकडे जुळवून घेतली आहे. भूदल व विमानदल यांचे कायदे १९५० चे, नौदलाचा १९५७ चा. एकत्र तळावर वरिष्ठ नौदलाचा आणि कसूर करणारा विमानदलाचा असेल, तर त्याला शिस्त लावण्यासाठी त्याच्या दलाकडे धाडावे लागे. २०२३ साली संसदेने आंतरदल संस्थांविषयी कायदा केला व तो १० मे २०२४ पासून अमलात आला. आता अशा संस्थेच्या प्रमुखाला आपल्या हाताखालील तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार आहे. हुकूम आणि जाब एका हाती आल्याशिवाय घर एक होत नाही, हे यातून मान्य झाले.

एकत्र नांदणे आपल्या सैन्याला अशक्य आहे, असे मानण्याचे काही कारण नाही. १९४८ साली स्थापन झालेले पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय तिन्ही दलांना डॉक्टर देत आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी बसविली, आणि तिथे तिन्ही दलांत जाणारी मुले एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच मैदानावर घाम गाळतात. तिथे प्रयोग यशस्वी झाला, कारण काय घडवायचे हे आधी ठरलेले होते. उत्तम डॉक्टर, उत्तम अधिकारी, हे तिन्ही दलांचे मागणे एकच होते. खर्च वाचावा म्हणून ही संस्था काढली असती, तर ती कदाचित स्वस्त झाली असती. पण आज तिच्याकडे पाहून मान ताठ होते तशी झाली नसती.

तेव्हा यापुढे एखाद्या शहरातील तीन दलांच्या वसाहती एका हाताखाली आणण्याचा बेत होईल, त्या वेळी नागरिकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी चार साधे प्रश्न विचारावेत. आज दर घरामागे डागडुजीला काय खर्च येतो, हे एकत्र करण्यापूर्वी लिहून ठेवले आहे काय? एकत्र झाल्यावर काय मिळेल याचे माप आधी ठरले आहे काय? धावपट्टी आणि गोदी यांसारखी कामे क्वार्टर्सच्या नळापासून वेगळी काढली आहेत काय? आणि छप्पर गळले तर कोणाला विचारायचे, त्याचे नाव त्या घरातील बाईला सांगितले आहे काय? चारही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले तर बचत आपोआप होईल, कारण मग दुहेरी खर्च दिसू लागतो आणि दिसला की तो कापता येतो. एकालाही ‘पाहू’ असे उत्तर आले, तर मात्र जाहीर झालेल्या बचतीच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवावे.

सैन्यावरचा खर्च हा शेवटी शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, मास्तराच्या खिशातून जातो. त्यातला एक रुपयाही वाया जाऊ नये, ही मागणी रास्त आहे. पण ज्या रुपयाने सीमेवरच्या जवानाच्या मुलांच्या डोक्यावर पावसात कोरडे छप्पर राहते, तो वाया गेलेला रुपया नव्हे. दिवाळीला आपण घरे रंगवितो, उंबरठ्याशी पणती लावतो. हे सण म्हणून करीत असलो तरी मुळात ती वर्षाची डागडुजीच आहे, आणि ती कोणी करायची याबद्दल घरात सहसा वाद होत नाही, कारण घर कोणाचे हे प्रत्येकाला ठाऊक असते. छावणीतल्या घरांनाही असा एक धनी मिळाला, तर तीन दलांचे घोडे भागीचे असूनही धडधाकट राहील.